बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम: घाईत असाल तर जाऊ नका

आधी कामाचं सांगते. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ असलेलं हे नौदलाच्या विमानांचं म्युझियम सोमवारी बंद असतं. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलच्या काउंटरवर विचारलं, तर 'रोज चालू असतं, बिनधास्त जा' असं उत्तर मिळालं. त्या भरवशावर पंचाहत्तर वर्षांच्या बाबांना घेऊन मी सोमवारी सकाळी बंद गेटसमोर जाऊन उभी राहिले. बाबा चिडले नाहीत. कुंपणापलीकडे विमानांच्या शेपट्या दिसत होत्या, त्या बघत बराच वेळ थांबले. मग मी मुक्काम एक दिवसाने वाढवला, आणि बरं झालं वाढवला.

बाबा मालवणचे. 1968 ला नौदलात भरती झाले, 1983 ला बाहेर पडले. त्यातली बरीच वर्षं इथेच, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर, ॲलिझे विमानांच्या ग्राउंड क्रूमध्ये गेली. त्यामुळे मी लिहितेय तो अनुभव सगळ्यांना तसाच येणार नाही. पण म्युझियममध्ये नेमकं काय बघायचं, हे मला त्यांच्यामुळे कळलं, म्हणून लिहितेय.

आवारात शिरल्यावर सगळे आधी सुपर कॉन्स्टेलेशनकडे धावतात. साहजिकच आहे. चार इंजिनं, तीन शेपट्या, माशासारखं वळणदार अंग. एअर इंडियात असताना हिचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'. तिथून ती हवाई दलाकडे गेली आणि 1976 मध्ये नौदलाकडे आली, समुद्रावर टेहळणी करायला. म्हणजे आधी परदेशी जाणारे प्रवासी आणि मग अरबी समुद्रावरची गस्त, दोन्ही हिने पाहिलं. माझी मनापासून इच्छा आहे की हिच्यावर एक मोठं छप्पर यावं. गोव्याचा पाऊस आणि खारा वारा धातूला सोडत नाही, आणि अशी विमानं जगात आता मोजकीच उरलीत.

बाबा मात्र तिला बाजूला ठेवून थेट ॲलिझेकडे गेले. गर्दी इथे थांबत नाही. दिसायला साधं, नाकावर पंखा असलेलं विमान. बाबा छत्रीच्या टोकाने एकेक गोष्ट दाखवत गेले. पंख मधूनच दुमडतात, कारण जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर जागाच नव्हती. सगळं जहाज मिळून सुमारे 700 फूट, त्यातच धावपट्टी आणि त्यातच पार्किंग. पोटातून रडारचं भांडं खाली उतरायचं. तिघे जण आत बसून तासन्‌तास पाणबुड्या शोधायचे. शेपटीखालच्या आकड्यापाशी बाबा वाकले. डेकवर आडव्या तारा ताणलेल्या असतात, उतरताना हा आकडा त्यातल्या एका तारेत अडकला तरच विमान थांबतं. "आकडो लागलो नाय, तर परत वर जावचा," बाबा म्हणाले. मग डेकवर विमान साखळ्यांनी बांधायचं, चाकांना ठोकळे लावायचे, तेही जहाज डोलत असताना आणि रात्री दिव्याविना. 1971 ला ते विक्रांतवर होते, वय एकवीस. हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. घरी ते फक्त 'आम्ही विमानं ढकलायचो' एवढंच सांगत आले.

शेजारी सी हॉक हे लढाऊ जेट आहे. 4 डिसेंबर 1971 ला विक्रांतवरून उडून पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) कॉक्स बझारवर हल्ला करणारी ही जात. पुढे छोटंसं सीलँड आहे, होडीसारख्या पोटाचं, पाण्यावरही उतरणारं. 1953 मध्ये कोचीला नौदलाचा विमान विभाग सुरू झाला तो याच जातीच्या विमानांनी. मुलांना हे नक्की दाखवा. आतल्या दालनांत विक्रांतचं मॉडेल, बॉम्ब, टॉर्पेडो आहेत. उन्हातून दमून आत आलात तरी मॉडेलपाशी थांबा, बाहेरची विमानं किती चिमुकल्या जागेवर उतरायची ते तिथे कळतं.

या जागेचा इतिहासही डोक्यात ठेवून जा. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी 1950 च्या दशकात बांधला. 18 डिसेंबर 1961 च्या सकाळी पुण्याहून निघालेल्या भारतीय हवाई दलाच्या 12 कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले, मागून आणखी 8 आली. टर्मिनलला आणि कंट्रोल टॉवरला धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता. तरी त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा तुकडा कसाबसा दुरुस्त केला आणि दोन प्रवासी विमानं कराचीकडे निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. मी पुण्यात विश्रांतवाडीला राहते, लोहगावच्या हवाई तळावरची सुखोई विमानं रोज डोक्यावरून जातात. गोव्याच्या सुटकेतला एक धागा माझ्या गच्चीवरून जातो हे इथे उभं राहिल्यावर जाणवलं.

तळ आजही पूर्ण जागा आहे. मिग-29के लढाऊ विमानं इथे असतात, 2022 पासून पी-8आय टेहळणी विमानांचं दुसरं स्क्वाड्रन इथे आहे, आणि 46 वर्षं सेवा देऊन आयएल-38 हे जुनं टेहळणी विमान इथूनच 2023 मध्ये निवृत्त झालं. प्रवासी विमानांना आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी काही तास धावपट्टी मिळत नाही म्हणून लोक कुरकुरतात. ती धावपट्टी नौदलाची आहे, आणि जे वैमानिक उद्या जहाजावर उतरणार ते आज इथेच सराव करतात. मला ही वेळ राखणं रास्त वाटतं. उत्तर गोव्यातला मोप्याचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पर्यटकांना दुसरा पर्यायही आहे.

सकाळी लवकर जा, टोपी आणि पाणी घ्या. वयस्कर माणूस बरोबर असेल तर छत्री हवीच. तासाभरात बघून होतं असं लोक सांगतात. आम्हाला साडेतीन तास लागले.

शेवटी सी हॅरिअर या लढाऊ जेटपाशी आलो. ही दाबोळीला पहिल्यांदा उतरली डिसेंबर 1983 मध्ये, बाबा नोकरीतून बाहेर पडले त्याच वर्षी. त्यांनी तिला कधीच हात लावला नाही. बराच वेळ बघून म्हणाले, "हेका पंख दुमडूचे लागत नाय." मी मोबाइल काढला, तर त्यांनी थांबवलं, "फोटो थंयसर काढ, ॲलिझेकडे." मग त्या उन्हातून अख्खं आवार ओलांडून आम्ही परत गेलो.