वर्डप्रेस मल्टिसाइट: पानांचा क्रम चोख, कॅश मात्र हट्टी

एकाच इन्स्टॉलेशनवर अनेक साइट आणि अनेक संपादक सांभाळायचे असतील तर वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरची मल्टिसाइट सोय आजही दमदार आहे. 2010 मध्ये 3.0 आवृत्तीबरोबर ती मूळ सॉफ्टवेअरमध्ये आली. प्रत्येक साइटचं पोस्ट-टेबल वेगळं, वापरकर्त्यांचं टेबल सामाईक. गुण कापावे लागतात ते पानांच्या क्रमाबाबत, आणि तिथेही दोष बहुतेक वेळा कॅशचा, म्हणजे वेगासाठी साठवून ठेवलेल्या प्रतींचा असतो.

क्रम साठतो मेनू-ऑर्डर या एका आकड्यात. सुरुवातीला सगळ्या पानांना 0. आकडा सारखा असेल तर पानांची यादी शीर्षकाच्या अक्षरक्रमाने लागते. दोन संपादकांनी क्विक एडिटमधून (ॲडमिनच्या यादीतच झटपट बदल करायची सोय) दोन पानांना 3 दिला तरी सिस्टीम चकार शब्द काढत नाही. एडिट लॉक, म्हणजे एकाच वेळी दोघांचं संपादन अडवणारं कुलूप, असतं ते एकेका पानापुरतं, क्रमावर नाही. म्हणून 10, 20, 30 असे आकडे द्यावेत, मध्ये पान घुसवायला जागा राहते. थीमची (साइटच्या मांडणीच्या कोडची) क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडची मागणी, नुसत्या मेनू-ऑर्डरवर असेल तर बरोबरीतल्या पानांचा क्रम डेटाबेसच्या मर्जीवर, आणि मग पेजिनेशनमध्ये (यादी टप्प्याटप्प्याने दाखवताना) एक पान दोनदा दिसतं, दुसरं गायब. दुसरा निकष म्हणून पानाचा आयडी (प्रत्येकाचा वेगळा क्रमांक) जोडा.

आणखी एक नेहमीचा गोंधळ: अपिअरन्समधल्या मेनू स्क्रीनवर हाताने बांधलेला मेनू पानाच्या ऑर्डरकडे बघतच नाही. तिथे कितीही वेळा कॅश उडवली तरी उपयोग शून्य.

आता खरी डोकेदुखी. ॲडमिनला नवा क्रम दिसतो, वाचकांना जुना. लॉगिन केलेल्यांना पेज कॅश (तयार पानांच्या प्रतींचा साठा) सहसा वगळते, त्यामुळे तपासणी प्रायव्हेट विंडोतच करायची. क्रम बदलला की साइडबारमधली यादी प्रत्येक पानावर बदलते, पण बऱ्याच कॅश प्लगिनच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये बदललेलं पान आणि होमपेज एवढंच साफ होतं. इलाज म्हणजे त्या साइटची पूर्ण पेज कॅश साफ करणं. तरीही जुनंच दिसलं तर रिस्पॉन्स हेडरमधला (सर्व्हरच्या उत्तरासोबत येणाऱ्या माहितीतला) एज, म्हणजे प्रतीचं सेकंदांतलं वय, बघा. तो शून्याहून मोठा आणि वाढत असेल तर जुनी प्रत बहुधा सर्व्हरच्या पुढे बसलेल्या सीडीएनकडून (प्रती वाटणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याकडून) किंवा प्रॉक्सी कॅशकडून येते आहे.

लॉगिन केलेल्यांनाही साइटवर जुनाच क्रम दिसत असेल तर संशय ऑब्जेक्ट कॅशवर, म्हणजे डेटाबेसची उत्तरं मेमरीत साठवणाऱ्या रेडिस किंवा मेमकॅश्डवर. पानांच्या याद्या तिथे 'लास्ट-चेंज्ड' या शेवटच्या बदलाच्या खुणेसह साठतात. 2022 च्या 6.1 आवृत्तीपासून डब्ल्यूपी-क्वेरीचे (पोस्ट आणि पानं शोधणाऱ्या वर्डप्रेसच्या कोडचे) निकालही तसेच साठू लागले. एखादी स्क्रिप्ट किंवा प्लगिन थेट एसक्यूएलने (डेटाबेसच्या भाषेत) मेनू-ऑर्डर बदलत असेल, तर ती खूण जुनीच राहते: डेटाबेसमध्ये नवा आकडा, पडद्यावर जुनी यादी. तात्पुरता उपाय सोपा आहे, त्याच साइटवरचं कुठलंही पान उघडून अपडेट दाबायचं. खूण बदलते, यादी नव्याने बनते. स्क्रिप्टने पानाचा पॅरेंटही (ते ज्याच्याखाली येतं ते पान) बदलला असेल तर एवढ्याने भागत नाही. बदललेल्या प्रत्येक पानासाठी क्लीन-पोस्ट-कॅश हे फंक्शन चालवावं लागतं. स्क्रिप्टमध्ये ते आधीपासून असायला हवं, हे वेगळं सांगायला नको.

वर्डप्रेसला कमांड देणाऱ्या डब्ल्यूपी-सीएलआय या साधनाची कॅश फ्लश (कॅश रिकामी करणारी) कमांड मात्र जपून. ती एका साइटसाठी चालवली तरी सहसा संपूर्ण नेटवर्कची ऑब्जेक्ट कॅश उडते आणि सगळ्या साइटचा भार एकदम डेटाबेसवर पडतो. गर्दीच्या वेळी हा उद्योग अजिबात नको. एकाच रेडिसवर दोन स्वतंत्र इन्स्टॉलेशन असतील तर प्रत्येकाला वेगळा की-प्रीफिक्स (साठवलेल्या नोंदींच्या नावाआधीची खूण) हवाच, नाहीतर एकाची पानं दुसऱ्याच्या यादीत उगवू शकतात.

पाच-दहा साइट आणि मोजके संपादक असतील तर ऑब्जेक्ट कॅशशिवायही काम बहुधा भागतं. त्याहून मोठ्या पसाऱ्यात ती लावायलाच हवी, पण क्रम बदलणाऱ्या प्लगिनचा कोड वाचून मगच.