पहिल्या प्रकल्पासाठी प्रश्नावली घ्यावी की प्रयोग?

मानसशास्त्राच्या पहिल्या प्रकल्पाची वेळ आली की बहुतेक विद्यार्थी डोळे झाकून प्रश्नावलीकडे वळतात. फॉर्म तयार केला, ग्रुपवर टाकला, दोन दिवसांत पन्नास उत्तरं हातात. सोपं वाटतं खरं, पण माझं मत उलटं आहे: नवख्याने छोटा प्रयोगच करावा.

आधी एक करा. तुमचा निष्कर्ष कसा लिहिला जाईल, ते वाक्य आजच लिहून पाहा. त्यात 'मुळे' आलं, तर प्रश्नावली तुमच्या कामाची नाही. 'जास्त मोबाइल वापरणारे जास्त एकटे असतात' हे सर्वेक्षणातून कळेल, पण 'मोबाइलमुळे एकटेपणा येतो' हे कळणार नाही. एकटी माणसंच मोबाइलकडे वळत असतील, किंवा दोन्हीच्या मागे तिसरंच काही असेल. सहसंबंधातून, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलताना दिसण्यातून, कशामुळे काय झालं हे ठरत नाही.

प्रश्नावलीची दुसरी अडचण म्हणजे माणसं सांगतात एक आणि करतात दुसरंच. अमेरिकेतला समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडला. अडीचशेच्या वर हॉटेलं-खाणावळींपैकी फक्त एकीने त्यांना नाकारलं. नंतर त्याने त्याच ठिकाणांना पत्रं पाठवून 'चिनी ग्राहक घ्याल का?' असं विचारलं. उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण 'नाही' म्हणाले! १९३४ साली छापलेल्या या अभ्यासावर आक्षेपही आहेत (पत्राला उत्तर देणारा आणि दारात उभा असलेला माणूस एकच होता कशावरून?), पण धडा घेण्यासारखा आहे. मतं, भावना, सवयींबद्दलची समजूत विचारायची असेल, तर मात्र प्रश्नावलीला पर्याय नाही.

आता प्रयोग. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. गटागटात बदल एकाच क्रियापदाचा. गाड्या एकमेकींवर 'जोरात आदळल्या' असं विचारलं, तेव्हा सरासरी अंदाज ताशी ४०.५ मैल निघाला. नुसत्या 'टेकल्या' म्हटल्यावर ३१.८. बाकी सगळं सारखं, म्हणून फरक शब्दामुळे पडला असं म्हणता येतं. प्रयोगाची सगळी ताकद एवढ्यातच आहे. त्याची उणीवही इथेच दिसते: पडद्यावर अपघात पाहणं आणि रस्त्यावर पाहणं सारखं नव्हे.

तुम्हाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ मध्ये मांडलेला प्रयोग कागद आणि स्टॉपवॉचवर होतो: 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग सांगायला लावायचा. शब्द आणि रंग जुळत नसले की जीभ अडखळते. एकाच व्यक्तीला जुळणारी आणि न जुळणारी अशा दोन्ही याद्या द्या, म्हणजे वीसेक माणसांत भागतं. निम्म्यांना आधी पहिली, निम्म्यांना आधी दुसरी. नाहीतर सरावाचा परिणाम निकालात मिसळतो. 'हे तर जुनंच' म्हणून लाजू नका. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांतच सांख्यिकीदृष्ट्या सार्थ (म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता न येणारा) निकाल पुन्हा मिळाला. जुनं पुन्हा तपासणं हेही संशोधनच आहे.

निरीक्षण लहान मुलांसाठी उत्तम, पण दोन निरीक्षक हवेत आणि त्यांच्या नोंदी जुळायला हव्यात. व्यक्ती-अभ्यास, म्हणजे एकाच माणसाचा सखोल अभ्यास, सध्या बाजूलाच ठेवा. १९५३ च्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवू न शकणारा हेन्री मोलेसन स्मृतीबद्दल खूप शिकवून गेला, पण तशी व्यक्ती तुम्हाला भेटणार नाही.

तरीही प्रश्नावलीच करायची असेल, तर स्वतः प्रश्न रचू नका, आधी तपासलेली मापनश्रेणी (प्रश्नांचा तयार संच) घ्या. आणि फॉर्म फक्त मित्रांच्या ग्रुपवर टाकलात, तर अहवालात 'तरुणांना वाटतं' असं लिहू नका. 'माझ्या मित्रांना वाटतं' असं लिहा.