मॅनेज्ड स्विचमधील पिंग : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पतसंस्थेत हा चोवीस पोर्टांचा मॅनेज्ड स्विच (संगणकांना जाळ्यात जोडणारे, मांडणी बदलता येणारे यंत्र) पावसाळ्याआधी बसवला. वेग, व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेली वेगवेगळी आभासी जाळी), पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची सोय) यांबाबत माहितीपत्रकातले दावे खरे निघाले. मला लिहायचे आहे ते त्याच्या वेबपानावरील पिंगविषयी, म्हणजे दुसऱ्या यंत्राकडून उत्तर येते का हे पाहणाऱ्या चाचणीविषयी, कारण त्या पानाच्या भरवशावर आमची तक्रार बंद करण्यात आली आणि काउंटर दुपारपर्यंत ठप्प राहिले.

वीज जाऊन आल्यावर स्विच पुन्हा सुरू झाला आणि व्हीलॅन २० मधील काउंटरचे संगणक सर्व्हरपर्यंत पोहोचेनासे झाले. सेवाकेंद्राने स्विचच्या पानावरून सर्व्हरला पिंग करायला सांगितले, सर्व उत्तरे आली, आणि ‘पिंग जाते आहे, म्हणजे स्विच ठीक आहे’ असा निकाल मिळाला. परंतु ते पिंग स्विचच्या स्वतःच्या व्यवस्थापन पत्त्यावरून, म्हणजे आमच्याकडे व्हीलॅन १ मधून निघते. तो मार्ग मोकळा असल्याने व्हीलॅन २० विषयी काहीच सिद्ध होत नाही. मी काउंटरच्या पोर्टला लॅपटॉप जोडून तिथल्या गेटवेला (त्या व्हीलॅनबाहेर जाण्याच्या राउटरवरील पत्त्याला) पिंग केले, तेव्हा उत्तर तर आले नाहीच, शिवाय एआरपी तक्त्यात (कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा, याच्या नोंदीत) गेटवेचा मॅक पत्ता, म्हणजे हार्डवेअरचा पत्ताही उमटला नाही. जतन केलेल्या मांडणीत व्हीलॅन २० चे टॅगिंग (पॅकेट कोणत्या व्हीलॅनचे, याची खूण) शाबूत असूनही, स्विच सुरू होताना राउटरकडील, अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या ट्रंक पोर्टवर ते लागूच झाले नव्हते. हा पुरावा पाठवल्यावरच फर्मवेअरमधील (स्विचच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमधील) दोष मान्य झाला आणि सुधारित आवृत्ती मिळाली.

तेव्हा मी या यंत्राला दोनच तारे देणार होतो. पुढे एसएसएच या सुरक्षित जोडणीने स्विचची कमांड लाइन (आज्ञा टंकून काम करण्याची सोय) उघडली आणि मत बदलले, कारण तिथे पिंगला स्रोत पत्ता देण्याची, म्हणजे ते कोणत्या पत्त्यावरून निघावे हे ठरवण्याची सोय आहे. त्यासाठी जो व्हीलॅन तपासायचा त्यात स्विचला आयपी पत्ता द्यावा लागतो. तो दिल्यावर काउंटरकडून त्या पत्त्याद्वारे व्यवस्थापनात शिरता येऊ नये म्हणून अ‍ॅक्सेस लिस्टही (कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारी नियमावली) लावली. आता मुख्य कार्यालयात बसून प्रत्येक व्हीलॅन तपासता येतो आणि शाखेत माणूस पाठवण्याचा खर्च वाचतो. १४७२ बाइटांचे पिंग (शीर्षकांचे २८ बाइट धरून १५००) विखंडन न करता, म्हणजे तुकडे न पाडता पाठवून १५०० चा एमटीयू (एका पॅकेटची कमाल मर्यादा) पडताळता येतो, हेही फार उपयोगाचे आहे. मात्र एखाद्या टेबलाची केबल खराब असेल, तर ते यातूनही कळत नाही.

खुद्द स्विचला पिंग केल्यावर वेळ कधी वाढलेली दिसते, पण त्यावरून जाळे मंद आहे असे समजू नये; उत्तर त्याचा प्रोसेसर सवडीने देतो, पॅकेट पुढे धाडण्याचे काम मात्र वेगळ्या चिपवर चालते.

वेबपानावर स्रोत निवडण्याचा एक रकाना देणे कंपनीला मुळीच अवघड नव्हते. कमांड लाइन न वापरणाऱ्या छोट्या संस्थांना आज ते पान अर्धवट माहितीवर निर्धास्त करते, आणि माझी तक्रार अजूनही तीच आहे. दुसऱ्या शाखेसाठी हाच स्विच घेण्याची शिफारस मी केली आहे. वार्षिक देखभाल करार मात्र नको, असे स्पष्ट लिहून दिले आहे.