जुन्या एमजीबीचं वायरिंग शोधायला आधी काय घ्यावं, टेस्ट लॅम्प की मल्टीमीटर?

एमजीबी म्हणजे इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० बनलेली स्पोर्ट्स कार. ही गाडी नवीन घेतलेले लोक सारखं विचारतात की आधी काय घेऊ. माझं मत सरळ आहे, आधी लॅम्प. पण एलईडीवाला नको, २१ वॅटचा इंडिकेटरचा साधा बल्ब होल्डरमध्ये घाला, दोन लांब वायरी जोडा, एकीला चिमटा, झालं काम.

कारण असं की मीटर स्वतः जवळपास करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरच्या आतली एक तार जरी शाबूत असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण वायर चांगली समजून पुढे जातो. हा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तिथे खराब जोड उघडा पडतो. माझ्या १९७२ च्या गाडीत पेट्रोल पंप मधेच थांबायचा, पंपाच्या पांढऱ्या वायरला मीटर लावला तर १२.३, म्हणून आठवडाभर पंपच खोलून बघत होतो. शेवटी तिथेच बल्ब लावला तर बल्बमधली तार नुसती लाल झाली, उजेड नाहीच! मग वायर धरून मागे मागे येत एक बुलेट कनेक्टर (दोन वायरींची गोळीसारखी टोकं जोडणारी नळी) ओढला, आत पितळेवर हिरवागार कळंक. ५० वर्षांत एवढं होणारच.

फ्यूज सारखा उडत असेल तरी लॅम्पच. फ्यूजच्या जागी बल्ब जोडायचा, शॉर्ट असेल तर फुल पेटतो, मग त्या सर्किटवरची एकेक वस्तू काढत जायची, जिथे बल्ब विझला किंवा एकदम मंद झाला तिथे घोळ. यात एकही फ्यूज वाया जात नाही. मात्र ब्राऊन वायरींना फ्यूज नसतो, त्यामुळे त्यांना हात लावण्याआधी बॅटरी काढाच.

मीटरशिवाय अडतं ते चार्जिंगला, १२.४ व्होल्ट (चार्जिंग होत नाही) आणि १४.२ व्होल्ट (होतंय) यांतला फरक बल्बच्या उजेडावरून ओळखणं कठीण. रात्रीत बॅटरी उतरत असेल तरी मीटर लागतो, पण तो सिरीजमध्ये, म्हणजे बॅटरीची वायर काढून मधे जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर त्या मॉड्यूलच्या वायरींवर लॅम्प अजिबात नको.

१९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॉडीला प्लस. लॅम्पला काही फरक पडत नाही, मीटरवर मायनसचं चिन्ह आलं तर घाबरू नका.

बजेट असेल तर दोन्ही घ्या, कारण खरी मजा दोन्ही एकत्र वापरण्यात आहे. कार्बोरेटर भरला की पंपाची टिकटिक थांबते, करंट वाहत नाही आणि मीटरला सगळं छान दिसतं. म्हणून पंपाच्या टोकाला बल्ब लोड म्हणून पेटता ठेवा, चावी ऑन, आणि मीटरची एक पिन फ्यूजबॉक्सच्या पांढऱ्या वायरवर, दुसरी लांब वायरने पंपाच्या टर्मिनलवर. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर ठीक, दोन-तीन आले तर मधला जोड गेलाय. मग हेच पंपाची बॉडी आणि बॅटरीचं अर्थ टर्मिनल यांच्यात करा, बल्बची दुसरी वायर पंपाच्या बॉडीलाच ठेवून, कारण निम्म्या वेळा दोष तिकडेच सापडतो.