वर्धापनदिनाचा व्हिडिओ: बाहेर द्यावा की सभासदांनीच करावा?

व्यावसायिक संघटनेला पंचवीस-पन्नास वर्षं झाली की स्मरणिकेसोबत हल्ली व्हिडिओही हवा असतो. मग कार्यकारिणीत दोन तट पडतात. निर्मिती संस्थेला देऊन मोकळे होऊ, असं काहींचं म्हणणं. आपल्यातच दोघातिघांना कॅमेऱ्याचा नाद आहे, बाहेर पैसे कशाला, हा दुसरा पक्ष.

तांत्रिक बाजूला बाहेरचे सरस, आणि ते चित्रापेक्षा आवाजात जास्त जाणवतं. ३८४० बाय २१६० पिक्सेलचं चित्र आता मोबाइलही देतो. पण सहा फुटांवरच्या मोबाइलमध्ये पंख्याची घरघर आणि खोलीचा घुमारा बोलण्याइतकाच ऐकू येतो. चित्र जरा डावं असलं तर लोक चालवून घेतात, बोलणं कळलं नाही की शेजाऱ्याशी गप्पा मारू लागतात. घरीच करणार असाल तर आधी कॉलर माइक घ्या आणि हेडफोन लावून एकाला फक्त ऐकायला बसवा.

जुन्या फोटोंपाशी पारडं फिरतं. बाहेरचा माणूस तुम्ही द्याल तेच वापरणार, आणि आपण देतो काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून लहान झालेला फोटो! सहा बाय चार इंचाचा फोटो ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केला तर १८०० बाय १२०० पिक्सेल मिळतात; १९२० बाय १०८०च्या साध्या चौकटीची रुंदीही त्यात भरत नाही. ६०० वर केला तर ३६०० बाय २४००, मग कडेला उभ्या असलेल्या एखाद्या चेहऱ्यापर्यंत सावकाश जाता येतं. तो चेहरा कोणाचा, हे सांगायला सभासदच लागतो. व्हीएचएस टेपा, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेट, असतील तर त्या सगळ्यात आधी संगणकावर उतरवून घ्या. त्यांचे प्लेअर बनवणारी शेवटची कंपनीही २०१६मध्ये थांबली.

मुलाखतींचा निवाडा सोपा नाही. सभासदाने प्रश्न विचारला की ज्येष्ठ मंडळी ‘तुला माहीतच आहे’ म्हणून अर्धी गोष्ट गिळतात. परक्याला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगतात. पण जुना वाद, फुटता फुटता वाचलेली संघटना, हे विचारायचं परक्याला सुचणारच नाही. म्हणून प्रश्न सभासदाने काढावेत आणि विचारायला बाहेरचा बसवावा, असं मला वाटतं.

काटछाटीला मात्र बाहेरचाच हवा. निवेदन मिनिटाला साधारण १३० शब्दांच्या गतीने चालतं, म्हणजे सहा मिनिटांच्या व्हिडिओत जेमतेम ७८० शब्द. त्यात सगळे माजी अध्यक्ष कसे मावणार? सभासदाने एखाद्याला वगळलं तर रात्री फोन येतो; बाहेरच्या संकलकाकडे त्यांचा नंबरच नसतो.

तेव्हा माझा कौल असा: शोध, स्कॅनिंग आणि प्रश्न घरचे, ध्वनी, चित्रण, संकलन बाहेरचं. करारात कच्चं फुटेज कोणाचं, संगीताचा परवाना कोण घेणार, फेरफार किती वेळा आणि मंजुरी देणारी एकच व्यक्ती कोण, एवढं लिहून घ्या. मंजुरीला समिती बसवली तर व्हिडिओ पुढच्या वर्धापनदिनाला येईल.

हातात महिनाच उरला असेल तर चार मिनिटांवर थांबा: चांगले फोटो आणि दोघांचं बोलणं. बाकीच्या मुलाखती समारंभानंतरही घेता येतील. नव्वदीतल्या सभासदाची तेवढी याच आठवड्यात घ्या, मोबाइलवर घ्यावी लागली तरी.