राजारामपुरी, कोल्हापूर येथील फिजिओथेरपी केंद्र: कोपराच्या तपासणीचा अनुभव

आमचा धंदा चपला करण्याचा. दिवसभर उजव्या हातात रापी धरून कातडे कापण्यात वर्षे गेली आणि गेल्या हिवाळ्यात त्याच हाताच्या कोपरात, बाहेरच्या बाजूला, अशी कळ येऊ लागली की चहाचा भरलेला कप उचलतानाही पकड सुटे. शहरातील एका दवाखान्यात कोपराला हातही न लावता इंजेक्शन देण्यात आले. महिनाभर आराम पडला आणि दुखणे पुन्हा होते तेथेच आले. अखेर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून राजारामपुरीतील एका फिजिओथेरपी केंद्रात गेलो.

येथे पहिली चाळीस मिनिटे कोणतेही यंत्र लावले गेले नाही, आणि माझ्या मते या केंद्राची खरी किंमत त्या चाळीस मिनिटांतच आहे. मानेच्या नसेवर दाब आला तरी कोपर दुखू शकते, म्हणून तेथील फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी मान तपासली. मग दोन्ही बाह्या वर करायला लावून डावे-उजवे कोपर शेजारी ठेवून पाहिले. टेबलावर प्लास्टिकचा सांगाडा होता. कोपर हा एक सांधा असे आपण धरून चालतो, परंतु दंडाचे हाड खालच्या दोन हाडांना मिळते ते दोन सांधे आणि ती दोन हाडे एकमेकांना मिळतात तो तिसरा, असे तीन सांधे एकाच आवरणात असतात. हात मिटणे-उघडणे मुख्यतः पहिल्या दोहोंवर, तर तळहात पालथा-उताणा करणे तिसऱ्यावर अवलंबून असते. रापी चालवताना दोन्ही हालचाली लागतात, हे मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर मूठ वळून, तळहात जमिनीकडे ठेवून मनगट वर उचलायला सांगितले आणि त्यांनी ते वरून दाबून धरले. कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर नेमकी तीच कळ आली. नुसते मधले बोट दाबाविरुद्ध उचलले तेव्हा ती अधिक तीव्र झाली, कारण मनगट उचलणारा एक स्नायू त्या उंचवट्यावरून निघून तळहाताच्या मधल्या हाडाच्या बुडाशी जाऊन बसतो. मनगट खाली वाकवताना आतल्या बाजूला दुखले नाही, त्यामुळे गोल्फर्स एल्बो नव्हे. करंगळीत व अनामिकेत मुंग्या नव्हत्या, त्यामुळे आतल्या उंचवट्यामागची नसही ठीक. निदान टेनिस एल्बो, म्हणजे त्या स्नायूला बाहेरच्या उंचवट्याशी जोडणाऱ्या कंडरेचे दुखणे. टेनिसचा चेंडू मी आयुष्यात हातात धरलेला नाही. दुखू न देता किती पकड बसते तेही मोजले: डावा ३४ किलो, उजवा १५.

माझी तपासणी चालू असतानाच एका तालमीतील मुलाला त्याचे वस्ताद घेऊन आले. कुस्तीत तो हातावर पडला होता. मॅडमनी वाकवलेल्या कोपराच्या हाडांच्या तीन खुणा, दोन बाजूंचे उंचवटे आणि मागचे टोक, बोटांनी चाचपून त्रिकोण जागेवर असल्याची खात्री केली. पण हात पूर्ण सरळ होईना. “वस्ताद, आज मालीश नको, आधी एक्स-रे काढा,” असे सांगून त्यांनी हात झोळीत बांधून दिला. अशा ताज्या दुखापतीवर जोरात मालीश केल्यास स्नायूत हाड धरून सांधा कायमचा आखडू शकतो, हेही बजावले. फी घेतली नाही.

मला मात्र दुसऱ्या वेळी “काका, रापी घेऊन या” असा निरोप होता. त्यांनी रापीच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबचे वेढे देऊन ती जाड केली, कारण बारीक मूठ आवळून धरावी लागते आणि ताण त्याच कंडरेवर येतो. कोपराचा पट्टाही उंचवट्यावर न बांधता दोन बोटे खाली, स्नायूवर बांधायचा, हे तेथेच समजले. बाकी उपचार म्हणजे वजन हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम, रोज घरी, कंटाळवाणा. तीन महिन्यांनी उजव्या हाताची पकड २७ किलोवर आली.

उणिवाही आहेत. वेळ दिलेली असूनही दोनदा तासभर बसावे लागले, आणि दाराला पिळून उघडायची गोल मूठ आहे, जी कोपर दुखणाऱ्यांच्या दवाखान्यात कोणी बसवली ते कळत नाही. पहिल्या तपासणीचे ५०० व पुढे प्रत्येक वेळी ३०० रुपये घेतात. संध्याकाळी तालमीतील मुलांची गर्दी होते, म्हणून सकाळची वेळ घ्यावी.