बाईकला एचआयडी टाकायचा की आहे तो हॅलोजनच नीट करायचा?

घोडबंदर रोडला गायमुखच्या पुढे रात्री कंपनीचा स्टॉक हेडलाईट कमी पडतो हे खरंय, आणि मग गॅरेजवाला सांगतो की एचआयडी (तारेऐवजी झेनॉन गॅसमधल्या आर्कने म्हणजे विजेच्या ठिणगीने पेटणारा बल्ब, किटमध्ये मिळतो) टाका, दिवसासारखं दिसेल. उजेडात तो भारी आहेच, एच४ हॅलोजन (लो आणि हाय दोन्ही बीम एकाच बल्बमध्ये) लो बीमला ५५ वॅट खाऊन हजारेक लुमेन (उजेडाचं माप) देतो आणि ३५ वॅटचा चांगला एचआयडी ३००० च्या आसपास, आकडे बघून कोणालाही मोह होणारच.

पण तो उजेड पडतो कुठे ते बघा ना. एच४ बल्ब हातात घेतला की आत लो बीमच्या फिलामेंटखाली छोटीशी पत्र्याची वाटी दिसते, खाली जाणारा उजेड ती अडवते, नाहीतर तोच रिफ्लेक्टरवर आपटून वर समोरच्याच्या डोळ्यात जातो. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या बारीक फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एचआयडीत फिलामेंटच नाही, झेनॉनचा आर्क आहे, त्याचा आकार वेगळा, बऱ्याच किटमध्ये जागा पण थोडी सरकलेली, मग उजेड चहूकडे फेकला जातो आणि समोरून स्कूटीवर पोरगं बसवून येणाऱ्या बाईला दोन सेकंद काहीच दिसत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

वायरिंगचं पण बघा. चालू होताना बॅलास्ट (एचआयडीला वीज पुरवणारा किटमधला डबा) २० हजार व्होल्टच्या वरचा झटका देतो, करंटही तेव्हा जास्त ओढतो, पूर्ण उजेडाला काही सेकंद लागतात त्यामुळे पासलाईट (इशाऱ्यासाठी क्षणभर लाईट) मारायला उपयोग नाही. जुन्या बाईकचा हेडलाईट एसी करंटवर असेल तर आधी बॅटरीच्या डीसीवर करून घ्यावा लागतो. आणि ८००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा) निळा तर घेऊच नका, ४३०० पेक्षा उजेड कमी आणि पावसात ओल्या डांबरावर काहीच कळत नाही.

एलईडी लगेच पेटतो, करंट कमी खातो, पण रिफ्लेक्टरचा प्रश्न तिथेही तोच, चिप बरोबर फिलामेंटच्या जागी असेल तरच घ्या, आणि मागचा फॅन रबर कव्हरमध्ये मावतो का ते बघून.

माझं मत विचाराल तर आधी रिले (हेडलाईटचा करंट हँडलच्या स्विचमधून न नेता चालू-बंद करणारा छोटा स्विच) आणि फ्यूज टाकून बॅटरीवरून थेट जाड वायर घ्या. बल्बपाशी १० टक्के व्होल्टेज कमी पोचलं तर हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्के पडतो, आणि बारीक फॅक्टरी वायर, स्विचचे जुने कॉन्टॅक्ट यातच ते जातं. खर्च किटपेक्षा खूप कमी. १००/९० वॅटचा बल्ब मात्र नको, होल्डर वितळतो.

एचआयडीच हवा असेल तर प्रोजेक्टरसकट (पुढे भिंग असलेला, उजेडाला नेमकी कड देणारा भाग हेडलाईटच्या आत बसवून) करा, खर्च होतो आणि काच परत नीट सील केली नाही तर जुलैत आत वाफ धरते, पण उजेड तिथेच कापला जातो जिथे कापायला हवा.

काहीही बसवलं तरी पैसे द्यायच्या आधी गाडी सोसायटीच्या भिंतीसमोर लावून लो बीम बघा, वर अंधार खाली उजेड अशी स्पष्ट रेषा दिसली पाहिजे, नाही दिसली तर किट तिथल्या तिथे काढायला लावा, गॅरेजवाला कितीही म्हणाला की सेट होईल तरी.